एक दात मागे

"आवाज गेला मिस्त्री, पण गाडीत दम आला नाही," असं म्हणून सिस्टरने किल्ली बॉनेटवर ठेवली आणि हाताची घडी घालून उभी राहिली.

मिस्त्रीने मान वर केली नाही. त्याच्या हातात दुसऱ्या गाडीचा पाण्याचा पंप होता आणि या बाईसाठी तोंडात जे आलं होतं ते गिळायला थोडा वेळ हवा होता. गाडी कालच संध्याकाळी दिली होती. त्याआधी दोन दिवस तो तिच्या पुढ्यात वाकून उभा होता. रेडिएटर काढा, पुली काढा, खालचं तेलाचं भांडं काढा, पुढचं कव्हर काढा, तेव्हा कुठे टायमिंग चेन तोंड दाखवते. त्याने नवी चेन घातली. तिला ताणून धरणारा टेन्शनर नवा घातला. झिजून नखाएवढ्या उरलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या बदलल्या. सगळं परत बसवल्यावर एक बोल्ट उरला नाही की तेलाचा एक थेंब गळला नाही. आणि सकाळी नऊच्या ठोक्याला बाई दारात हजर.

गाडी एकोणीस वर्षांची होती. एवढी जुनी गाडी लोक एक तर भंगारात घालतात नाही तर तिला म्हातारी म्हणून लाडावतात. सिस्टर यातलं काही करत नव्हती, ती नुसती गाडी वापरायची. दिवसभर घरोघरी फिरून कुणाची जखम धुवायची, कुणाची नळी बदलायची, कुणाला इंजेक्शन टोचायचं. तिचे निम्मे रोगी टेकडीवर राहायचे आणि गाडी नेमकी टेकडीवर मान टाकायची. शिवाय सकाळी चालू करताना पुढून खळखळ आवाज यायचा, डब्यात खिळे घालून हलवावा तसा. तो मात्र आता बंद झाला होता.

मिस्त्रीने तिला सांगितलं की नवी चेन बसायला चार दिवस लागतात. ही शुद्ध थाप होती. मग त्याने दोष पेट्रोलवर ढकलला. मग प्लगवर. शेवटी, बायका गिअर उशिरा बदलतात, इथपर्यंत त्याची गाडी गेली. सिस्टर सगळं शांतपणे ऐकत होती. रोज गोळ्या घेतो म्हणणाऱ्या रोग्यांची पाकिटं उशीखालून काढण्यात तिची बावीस वर्षं गेली होती.

"पूर्वी जिथे मरत होती तिथेच मरते," ती म्हणाली. "दुसऱ्या वळणावर, तिसऱ्या गिअरला. एक हात पुढे नाही की मागे नाही. आणि मिस्त्री, तुम्ही माझ्या कानाशी काय बोलताय? तोंड इकडे आहे."

मिस्त्रीने पटकन नजर हलवली. त्याबरोबर तिचा चेहरा गेला आणि त्या जागी राखाडी डाग आला.

ही गोष्ट त्याच्या बायकोशिवाय कुणाला ठाऊक नव्हती. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं होतं की डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेलाय, चष्म्याने येणार नाही, ऑपरेशनने येणार नाही. कडेचं दिसेल, मधलं नाही. म्हणजे ज्याच्याकडे बघावं तेच दिसणार नाही आणि ज्याच्याशी घेणंदेणं नाही ते सगळं दिसत राहील. मिस्त्रीने डॉक्टरला विचारलं होतं, हा काय चावटपणा आहे. डॉक्टर बिचारा त्याला थेंब लिहून देण्यापलीकडे काय करणार. घरी आल्यावर बायको म्हणाली, अहो, आता तरी पुतण्याला सांगून टाका. तो चार दिवस तिच्याशी बोलला नाही.

पुतण्या म्हणजे गॅरेजचा मालक. गॅरेज मिस्त्रीच्या थोरल्या भावाने काढलं, भाऊ गेल्यावर ते त्याच्या मुलाकडे आलं. मुलगा आता चाळिशीला टेकला होता. वाईट नव्हता, पण त्याच्या डोक्यात सगळं मोजून-मापून बसवलेलं असायचं. मागच्या वर्षी पत्रे ठोकणाऱ्या म्हाताऱ्याचा हात थरथरतो हे लक्षात आलं, तेव्हा पुतण्याने त्याला काढून टाकलं नाही. फाटकाशी खुर्ची टाकून दिली आणि आत येणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायला बसवलं. पगार तोच. तेव्हापासून तो म्हातारा दिवसभर फाटकाशी बसायचा, आणि आतून हातोडा वाजला की उगाच त्या दिशेला वळून बघायचा. मिस्त्रीला त्याच्याजवळून जाताना दर वेळी चीड यायची. कुणाची, ते त्याला सांगता आलं नसतं.

म्हणून त्याने स्वतःची एक पद्धत काढली होती. इंजिनात दोन दातेरी चाकं असतात, एक खाली, एक वर, आणि त्या दोघांना ही चेन बांधून ठेवते. खालचं चाक किती फिरलं की वरच्याने झडपा उघडायच्या, याचा हिशोब त्या चेनवर चालतो. दोन्ही चाकांवर कारखान्याने ठिपके मारलेले असतात, ते इंजिनावर कोरलेल्या खुणांसमोर यावे लागतात. ठिपका म्हणजे सुईने टोचावं तेवढा खळगा. तीस वर्षं मिस्त्री ते ठिपके बघून चेन घालत आला होता. ते दिसेनासे झाल्यावर त्याने पांढऱ्या रंगाची बाटली आणली. जुनी चेन काढायच्या आधी दोन्ही चाकांवर आणि चेनवर पांढरे मोठे ठिपके द्यायचे, मधल्या कड्या बोटांनी मोजायच्या, तेवढ्याच कड्या मोजून नवी चेन चढवायची. पांढरा रंग त्याला डोळ्याच्या कडेने दिसायचा. पुतण्याने एकदा सगळ्यांसमोर या पद्धतीचं कौतुक केलं होतं, की शिका जरा, काका या वयात सुद्धा दुहेरी खात्री करून घेतात. मिस्त्रीने ते कौतुकही गिळलं होतं.

आता तोच पुतण्या ऑफिसातून बाहेर आला. सिस्टरची तक्रार त्याने उभ्याउभ्या ऐकली आणि निकाल दिला की चेन डुप्लिकेट निघाली असणार. दुकानदाराला बोलावतो, त्याच्या तोंडावर मारतो, दुसरी घेतो. सिस्टरनेही मान हलवली. मिस्त्रीने फक्त "हो" म्हणायचा अवकाश होता. दुकानदार दोन शिव्या खाऊन गेला असता. त्याला त्याची सवय होती.

पण मिस्त्रीच्या डोक्यात सिस्टरचं ते वाक्य अडकलं होतं. दुसऱ्या वळणावर, तिसऱ्या गिअरला, एक हात पुढे नाही की मागे नाही. नवी चेन डुप्लिकेट असती तर दुखणं नवं असतं. हे जुनंच होतं. अगदी तेच, तोळ्यामाशाचा फरक नाही. आवाज बंद झाला, म्हणजे ढिलाई गेली. मग दम का आला नाही?

त्याने इंजिनाचं वरचं झाकण उघडलं. पांढरे ठिपके जिथे हवेत तिथे बसले होते. काम चोख होतं. आणि तसाच झाकणाच्या कडेला हात टेकून उभा असताना त्याच्या लक्षात आलं. जुनी चेन सैल होती. सैल चेन कधीतरी एका दातावरून उडी मारून पुढच्या दातावर बसते. ती त्याच्याकडे येण्याआधीच उडालेली होती. त्याने चुकलेल्या जागेवर नेमकेपणाने ठिपके दिले, चुकलेल्या कड्या बोटांनी मोजल्या, आणि ती चूक जशीच्या तशी उचलून नव्या चेनवर आणून ठेवली. कारखान्याचा ठिपका नुसता बघितला असता तर शाळेतल्या पोरानेही सांगितलं असतं.

त्याने अंगठा वरच्या चाकावर फिरवला. तीस वर्षं तेल आणि लोखंड खाऊन अंगठ्याची कातडी खुरासारखी झाली होती, तिला सुईच्या टोकाएवढा खळगा काय लागणार. त्याने मोबाईलने फोटो काढला आणि मोठा करून तिरक्या नजरेने पाहिला. तेलाच्या चकाकीत त्याला शंभर ठिपके दिसले.

अंदाज बांधता येत होता. दम नाही म्हणजे झडपा उशिरा उघडतायत, म्हणजे वरचं चाक मागे राहिलंय, म्हणजे एक दात पुढे घ्यायचा. दुपारपर्यंत गुपचूप करून टाकलं असतं. दुकानदाराची चेन खराब नव्हती, टेन्शनर नीट बसला नव्हता, असं काहीबाही सांगितलं असतं. पण मागे एकच दात आहे की दोन? की मागे नाहीच, पुढे आहे? चुकीच्या बाजूला आणखी एकदोन दात गेले की झडपा पिस्टनवर आपटतात आणि इंजिनाचा चुरा होतो. तो इथे गॅरेजात झाला तर ठीक. नाही तर टेकडीच्या दुसऱ्या वळणावर, मागून ट्रक येत असताना, ही बाई आत बसलेली.

त्याला त्या बाईचा भयंकर राग आला. एवढ्या गाड्या या दोन वर्षांत गेल्या, एकीनेही तोंड उघडलं नाही, आणि हिला कोणत्या वळणावर कोणता गिअर हे सुद्धा पाठ.

"दुकानदाराला फोन करू नकोस," तो पुतण्याला म्हणाला.

पुतण्या फोन कानाला लावून थांबला.

"चेन बरोबर आहे. मी चुकीची चढवली. मला ठिपका दिसत नाही."

"कुठला ठिपका?"

"कुठलाच."

पलीकडे हवा भरायचं मशीन चालू होतं, ते कुणीतरी बंद केलं. पुतण्याने फोन खिशात घातला. कधीपासून, असं त्याने विचारलं. मिस्त्रीने सांगितलं. मग पुतण्याच्या तोंडाचा जो पट्टा सुटला तो बराच वेळ थांबला नाही. दोन वर्षं म्हणजे किती गाड्या, त्या कुणाकुणाच्या, एखादी रस्त्यात फुटली असती तर पोलीस कुणाच्या दारात आले असते, बाबांनी उभं केलेलं नाव एका पांढऱ्या बाटलीपायी गेलं असतं. सगळं खरं होतं.

"निदान मला तरी सांगायचं होतं, काका."

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

पुतण्याची नजर आपोआप फाटकाकडे गेली आणि त्याने ती लगेच परत आणली.

एवढ्यात सिस्टर मध्ये पडली. तुमचं घरचं भांडण सावकाश करा, म्हणाली, मला बारा वाजता वर एका आजोबांची पट्टी बदलायची आहे, ती मी चालत जाऊन बदलू का? तिने टेबलावरचा टॉर्च उचलला, साडीचा पदर कमरेला खोचला आणि रोग्याच्या घशात बघावं तशी इंजिनात वाकली. काय शोधायचं ते सांगा, म्हणाली.

मिस्त्रीने सांगितलं. त्याला वाटलं होतं, तिला दहा मिनिटं लागतील. तिला दहा सेकंद लागली.

"हा काय. वरचा ठिपका खुणेच्या एक दात मागे आहे."

"एकच? नीट मोजा."

"मिस्त्री, मला बाळाच्या हाताची शीर दिसते. एकच."

पुढचं काम त्याच्या हातांचं होतं आणि हात शाबूत होते. त्याने टेन्शनर मागे दाबला, पिन घातली, वरचं चाक सोडवून चेनमध्ये एक दात पुढे घेतलं. कुणी मदतीला येऊ लागलं तर खेकसला. मग किल्ली न लावता मोठा पाना घालून इंजिन हाताने दोनदा पूर्ण फिरवलं, सावकाश, कुठे काही अडतंय का ते मनगटाने ऐकत. काही अडलं नाही. सिस्टरने दोन वेळा टॉर्च मारून दोन वेळा सांगितलं की आता समोरासमोर आहे. तिसऱ्यांदा त्याने विचारलं तेव्हा ती चिडली.

गाडी घेऊन ती साडेअकराला गेली. जाताना धन्यवाद वगैरे काही म्हणाली नाही. खिडकीतून एवढंच म्हणाली की डॉक्टरांनी थेंब दिले असतीलच, ते वेळेवर घालत जा, आणि घालत नसाल तर बायकोला माझा नंबर द्या. दुपारी ती परत आली नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही. या धंद्यात गाडी नीट झाल्याचा याहून मोठा निरोप कुणी देत नाही.

पुतण्या त्या दिवशी ऑफिसातून बाहेर आला नाही. संध्याकाळी मिस्त्री हात धूत असताना शेजारच्या नळावर येऊन उभा राहिला. आजपासून एकट्याने इंजिन उघडायचं नाही, म्हणाला. मिस्त्री पुढच्या वाक्याची वाट बघत साबण चोळत राहिला. पुढचं वाक्य आलं नाही. पुतण्याने नळ बंद केला आणि गेला. हेही कसलं बोलणं, मिस्त्रीला वाटलं, एक घाव दोन तुकडे करायला सुद्धा याला जमत नाही. घरी तो हे बायकोला तीनदा सांगून चिडला. तिसऱ्या वेळी बायको म्हणाली, अहो, चिडायचं तर जेवून चिडा.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक निळी गाडी आली, सतरा वर्षांची, तोच खळखळाट. मिस्त्रीने बॉनेट वर केलं. जेवणाच्या सुट्टीआधी कव्हर काढून चेन उघडी केली. पांढरी बाटली फळीवर होती, तिला त्याने हात लावला नाही. पाना खालच्या चाकाच्या बोल्टवर बसवला आणि थांबला. इतक्या वर्षांत तो काम करत असताना त्याच्या खांद्यावरून कुणी डोकावलेलं त्याला खपायचं नाही, त्यामुळे आजूबाजूला कुणीच नव्हतं.

"खूण बघायला या कुणीतरी," तो इंजिनाकडे तोंड करून म्हणाला. आवाज हवा त्यापेक्षा मोठा निघाला.

दोघं-तिघं हातातलं काम धरून जागच्या जागी उभे राहिले. पुतण्या ऑफिसातून आला. टॉर्च घेतला आणि गाडीच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. तिथे एकाच माणसाला उभं राहण्याएवढी जागा होती. मिस्त्री अर्धं पाऊल डावीकडे सरकला. पुतण्या वाकला. मिस्त्रीने पाना घट्ट धरला, समोरच्या भिंतीकडे तोंड केलं आणि सावकाश फिरवू लागला, पुतण्या ‘हं’ म्हणेपर्यंत.