कावीळ ओढणारा साप

साहेब, आरोग्य खातं तुमच्या हाताखाली आहे, आणि काविळीवर उपचार करणाऱ्या बाबाच्या सभेला तुम्ही त्या सभागृहात पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. ही सांगोवांगीची गोष्ट नाही. अख्ख्या गर्दीने पाहिलंय.

खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून माणसं खिडक्यांत चढून बसली होती. बाबा गळ्यात हातभर साप घालून गरजत होता, "दोन महिन्यांपूर्वी हा राखेसारखा होता! आज याची मान बघा, पिवळीधमक! तुमची कावीळ ओढली याने! डॉक्टर चिरफाड करतो, मी नुसता रंग उतरवतो!"

मागे एक ताई हातात डबा घेऊन उभी होती. पाळीव प्राण्यांचं दुकान तिचं, आणि हे कॉर्न स्नेक नावाच्या बिनविषारी सापाचं पिल्लू तिनेच बाबाला विकलेलं. तेव्हा बाबाने सहज विचारलं होतं, "हा असाच राखाडी राहणार का?"

"छे हो! या रंगाच्या पिल्लात तांबडा नसतोच. वाढायला लागलं की खाण्यातला पिवळा मानेखाली साठतो. दोनेक महिन्यांत दिसेल."

दर गिऱ्हाइकाला सांगायची तसं हौसेने सांगून बसली. चमत्कार तिनेच मुदतीसकट बांधून दिला होता.

आणि दुसऱ्या रांगेत तिचा धाकटा भाऊ बसला होता, पिवळाजर्द. पित्तनळीत खडा अडकलेला. बाबाच्या शब्दावर त्याने ऑपरेशनची तारीख चुकवली होती.

ताई हातातला डबा घेऊन तरातरा पुढे गेली. झाकण उघडलं. "हे त्याच पिल्लाचं भावंड. माझ्या दुकानाबाहेर आज पहिल्यांदा आलंय. याचीही मान पिवळी. याने कुणाची कावीळ ओढली, सांगा!"

बाबा गालात हसला. "दुकानात माणसं येतात ना, ताई? त्यांची!"

टाळ्यांनी छप्पर दणाणलं. धन्य ते डोकं!

ताईने भावाचा दंड धरला. "अरे, मीच सांगितलंय त्याला हे सगळं! चल, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल."

"ताई, तुला सापातलं कळतं. आजारातलं नाही."

"डोळे बघ तुझे आरशात!"

"डोळ्यांतला पिवळा सगळ्यात शेवटी जातो. बाबा म्हणालेत."

शेवटी ताई तुमच्याकडे आली, साहेब. "तुम्ही तरी सांगा हो त्याला. डॉक्टर आहात." तुम्ही घड्याळ बघितलंत. "श्रद्धेचा विषय आहे, बाई. आपण कशाला बोला?"

आज तो रुग्णालयात आहे. अडलेल्या पित्तात पू झालाय, ताप हटत नाही, बहिणीला ओळखत नाही. ताई बाहेरच्या बाकावर नुसती बसून असते. करण्यासारखं तिच्या हातात काही उरलेलं नाही.

लोकहो, सापाची मान वयाने आणि खाण्याने पिवळी झाली. ती कुणीही आजारी नसतं तरी झालीच असती. चमत्कार दिसला की एवढंच विचारा: हे बाबावाचून झालं नसतं का?

आणि साहेब, खडा मंत्राने विरघळत नाही हे त्या सभागृहात तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. मग तिच्या भावाला तुम्ही का सांगितलं नाहीत? उत्तर द्या.