टे-बोमची आई

ग्योंग-रानने पोराला सैन्यात धाडलं ते सक्तीची भरती होती म्हणूनच. हान-गिल तिचा एकुलता एक. वीस वर्षांचा, पण अंगाने पाप्याचं पितर. लहानपणापासून सर्दी-पडसं त्याच्या पाचवीला पुजलेलं. शाळेच्या शर्यतीत हा शेवटून पहिला यायचा आणि वर हसायचा. असा पोरगा पाठीवर ओझं घेऊन डोंगर कसा चढणार, या विचाराने तिचा डोळ्याला डोळा लागेना.

नवरा दोक-सु ट्रकवर होता. आठवड्यातून दोनदा घरी टेकायचा. तो म्हणाला, "अगं, आमच्या वेळी बुटाच्या लाथा खाल्ल्या आम्ही. आता शनिवार-रविवारी फोन देतात म्हणे हातात! सैन्य आहे का सहल?"

"तुम्ही गप्प बसा. तुमचं हाड वेगळं, त्याचं वेगळं."

"माझंच तर हाड आहे ते," दोक-सु म्हणाला आणि बायकोची नजर बघून जेवणाकडे वळला.

भरतीच्या दिवशी वोंजूच्या बाजारातलं आपलं तोंडीलावण्यांचं दुकान बंद ठेवून ती छावणीवर गेली. मैदानात मुंडण केलेल्या पोरांचा नुसता महापूर. प्रत्येकाच्या मागे आई, बाप, एखादी रडवेली मैत्रीण. ग्योंग-रान तोंडाला रुमाल लावून हुंदके देत होती, तेवढ्यात शेजारून फाडकन आवाज आला. एका थोराड बाईने आपल्या पोराच्या तुळतुळीत डोक्यावर चापट मारली होती.

"काय भोपळा दिसतोयस रे! याच्यात बी तरी आहे का?"

पोरगा म्हणजे दरवाजाएवढा. तो खो-खो हसला. बाईने वळून ग्योंग-रानला कोपराने ढोसलं. "तू कशाला गंगा-यमुना काढतेस? रडून कुणाला सोडलंय का त्यांनी आजवर?"

ती बोक-हुई. जेचनच्या रस्त्यावर तिची ड्रायव्हर लोकांची खाणावळ होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन बुसानला, आणि हा टे-बोम खाणावळीत तांदळाची पोती उचलत मोठा झालेला. ग्योंग-रानपेक्षा ती पाच-सहा वर्षांनी मोठी, म्हणून पहिल्याच तासाला ती 'ताई' झाली. दोघींची पोरं एकाच तुकडीत निघाली तेव्हा ग्योंग-रानला देव भेटल्यासारखं वाटलं. तिने टे-बोमचा हात धरला.

"बाळा, आमच्या हान-गिलकडे लक्ष ठेवशील का रे? त्याला हे सगळं जमायचं नाही."

"काकू, काळजीच सोडा. नाहीच चालला तर काखोटीला मारून आणीन," टे-बोम म्हणाला. हान-गिल लाजून लाल झाला. मग शिट्टी वाजली आणि पोरं रांगेत गेली.

त्यानंतर दोघी बायका रोज फोनवर. तुकडीच्या पालकांचा ग्रुप होता, त्यावर छावणीचे लोक अधूनमधून फोटो टाकत. ग्योंग-रान तो फोटो बोटांनी मोठा करकरून हान-गिलला शोधायची.

"ताई, दिसला का गं तुला?"

"हेल्मेटखाली सगळीच कासवं दिसतात. माझं कासव तेवढं मोठं, म्हणून सापडतं. त्याच्या बगलेत बघ, तिथे असेल तुझं."

आणि खरंच तो तिथेच असायचा. शनिवारी फोन आला की हान-गिल सांगायचा, टे-बोमने बुटाच्या नाड्या कशा बांधायच्या ते शिकवलं, टे-बोमने आपल्या ताटातलं मांस दिलं. पोराचा आवाज हळूहळू भरदार होत चालला होता. ग्योंग-रान बोक-हुईला डब्यातून मुरवलेल्या खेकड्यांचं तोंडीलावणं पाठवायची आणि म्हणायची, "ताई, तुझ्या लेकाचे उपकार कशात फेडू?" त्यावर बोक-हुई म्हणायची, "खेकड्यांत फेड. पुढच्या वेळी तिखट जास्त टाक."

प्रशिक्षण संपत आलं. शेवटची मोठी चाल तेवढी राहिली होती. सगळं सामान पाठीवर घेऊन डोंगरातून दिवसभर चालायचं. जून लागला होता आणि त्या वर्षी ऊन आल्या आल्याच अंगावर धावून आलं.

चालीच्या दिवशी दुपारी ग्योंग-रान दुकानात पालकाची भाजी धुऊन निथळवत होती. फोन थरथरला. मग पुन्हा, मग थांबेचना. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, 'डोंगरात एक पोरगा कोसळला म्हणतात. हेलिकॉप्टर आलं होतं. कुणाला काही कळलं का?' खाली चाळीस-पन्नास आयांचा नुसता आक्रोश. छावणीचा फोन कुणीच उचलत नव्हतं. शेजारच्या मासेवाल्याच्या टीव्हीवर खाली पट्टी सरकत होती. वीस वर्षांच्या प्रशिक्षणार्थी जवानाचा रुग्णालयात मृत्यू. नाव दिलेलं नव्हतं.

ग्योंग-रानच्या हातातली चाळणी खाली पडली. तिला शंकाच उरली नाही. एवढ्या पोरांत कोसळणारा कोण असणार? तिचाच. दोक-सुचा फोन लागेना, तो कुठल्यातरी घाटात होता. मग तिने बोक-हुईला लावला.

"ताई... माझा हान-गिल..."

"कोण म्हणालं?"

"कुणी नाही. पण मला ठाऊक आहे गं."

"तुला काही ठाऊक नाही. दुकानाला कडी घाल आणि तिथेच थांब. आलेच मी."

बोक-हुई अंगावरच्या ॲप्रनसकट आली. चुलीवरचं सूप कामवालीवर सोपवून, टेम्पो भरधाव हाणत. ग्योंग-रानला तिने अक्षरशः उचलून आत बसवलं. "चल. इथे बसून रडण्यापेक्षा त्यांच्या दारात जाऊन विचारू."

वाटभर ती एका हाताने गाडी चालवत होती आणि दुसऱ्या हाताने ग्योंग-रानचं मनगट घट्ट धरून होती. "माझा बैल त्याच्याबरोबर आहे ना? तो सोडायचा नाही त्याला. बघशील, दोघं सावलीत बसून पाणी ढोसत असतील. ऐकतेस का? श्वास घे. नाकाने घे." ग्योंग-रान समोर बघत होती. मनात एकच चाललं होतं. कुणाचाही असू दे, देवा. कुणाचाही असू दे, माझा नको.

छावणीच्या फाटकाशी आणखी काही आई-बाप जमले होते. पहाऱ्यावरचा पोरगा घामाघूम झाला होता. बोक-हुई गर्दी फोडत पुढे गेली. "बाबा, हिचं पोर बघ. हान-गिल. तिसरी तुकडी. आधी हिचं सांग, नाहीतर ही इथेच जाईल."

तो आत गेला. बऱ्याच वेळाने एक कॅप्टन बाहेर आला. जेमतेम तिशीचा, पाठीवर शर्ट भिजलेला.

"हान-गिलच्या आई कोण?"

ग्योंग-रानने हात वर केला. बोक-हुईने तिला मागून धरलं.

"आई, हान-गिल सुखरूप आहे. बराकीत आहे. थोडा दमलाय, बाकी काही नाही."

ग्योंग-रानच्या तोंडून निघालेला आवाज माणसाचा नव्हता. ती वळून बोक-हुईच्या गळ्यातच पडली. दोघी रडत होत्या, हसत होत्या, उड्या मारत होत्या म्हणा ना. "सांगितलं नव्हतं मी? सांगितलं नव्हतं?" बोक-हुई तिच्या पाठीवर थापा मारत ओरडत होती. फाटकाशी उभ्या असलेल्या इतर आया त्यांच्याकडे टक लावून पाहत होत्या.

कॅप्टन अजून तिथेच उभा होता. त्याने विचारलं, "आणि आपण?"

"मी? मी टे-बोमची आई. हिला घेऊन आले नुसती."

कॅप्टनने डोक्यावरची टोपी काढली.

"आई, दुपारपासून आम्ही तुम्हाला फोन करतोय," तो म्हणाला.

बोक-हुईने ॲप्रनच्या खिशात हात घातला. खिसा रिकामा होता. घाईत फोन खाणावळीतच राहिला होता. ती काही क्षण तशीच खिसा चाचपत राहिली. मग म्हणाली, "नाही हो. तुमचं काहीतरी चुकतंय. माझा मोठा आहे. अंगाने मोठा. नीट बघा तुम्ही."

ग्योंग-रानचे हात अजून तिच्या गळ्यातच होते. ते काढावेत की तसेच ठेवावेत, हे तिला कळेना. चेहऱ्यावरचं हसूसुद्धा जागचं हललं नव्हतं. ते पुसायला तिला स्वतःचा हात तोंडावर न्यावा लागला.

टे-बोमच्या अंत्यविधीचे तीन दिवस ग्योंग-रान रुग्णालयातल्या शोकदालनात राबली. आलेल्या माणसांना भात वाढला, तिखट मटणाच्या सुपाचे वाडगे उचलले. बोक-हुई लेकाच्या फोटोशेजारी बसलेली. बुसानहून आलेली मुलगी आईला धरून होती. बोक-हुई रडली नाही. कुणी वाकून नमस्कार केला की तीही वाकायची आणि विचारायची, "जेवलात का?" मोठे अधिकारी आले तेव्हा तिने एकच विचारलं, "तो अडखळायला लागला तेव्हा थांबवलं का नाही?" पुढे चौकशी झाली. पोरगा दोनदा खाली बसला असताना त्याला उठवून चालवलं, असं त्यात निघालं. त्या दिवशीच्या अधिकाऱ्यावर खटला भरला.

अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी तुकडीतली पोरं आली. त्यांतला हान-गिल ग्योंग-रानला आधी ओळखूच आला नाही, इतका रापला होता. तो आईला जिन्याजवळ घेऊन गेला.

"आई, माझी सॅक त्याच्याकडे होती."

"काय?"

"चढणीवर माझे पाय गेले. त्याने माझी सॅक काढून घेतली. आपली पाठीवर आणि माझी पोटावर. मी नको म्हणालो. तर तो म्हणाला, काकूंना शब्द दिलाय." हान-गिलने जिन्याचा कठडा धरला. "मी चौकशीवाल्यांना सांगितलं सगळं. त्याच्या आईला कसं सांगू?"

ग्योंग-रान जिन्याच्या पायरीवर बसली. टे-बोमने मैदानात दिलेला तो शब्द तिनेच मागून घेतला होता. "तू नको सांगूस," ती म्हणाली. "ते माझं आहे. मी सांगेन."

पण सांगणं सोपं नव्हतं. आज सांगू, उद्या सांगू करत दिवस गेले. प्रशिक्षणाचा समारोप झाला, बँड न वाजवता. आया-बापांनी पोरांच्या छातीवर सैनिकपदाच्या पट्ट्या लावल्या. ग्योंग-रानला ती लावता येईना, शेवटी हान-गिलने तिच्या हातावर हात ठेवून ती पट्टी लावून घेतली. तिथून ती थेट जेचनच्या रस्त्याला लागली.

खाणावळ चालू होती. दुपारची गर्दी ओसरलेली. बोक-हुई मुळे चिरत होती. ग्योंग-रान समोर उभी राहिली आणि एका दमात सगळं बोलली. काही लपवलं नाही. वाटेत देवाकडे काय मागितलं होतं, तेसुद्धा सांगितलं.

बोक-हुईची सुरी थांबली. ग्योंग-रानला वाटलं, आता ही मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"त्याच्या तब्येतीचा मला गर्व होता," बोक-हुई म्हणाली. "त्या दिवशी मीही तेच म्हणत होते मनात. कुणाचाही असो. माझा तर नसणारच."

"ताई..."

"तू आता जा."

"ताई, मी..."

"जा म्हटलं ना! मला तुझं तोंड बघवत नाही सध्या. तुझं पोर जिवंत आहे त्याला मी काय करू?" मग सुरी खाली ठेवून, मान न वळवता ती म्हणाली, "हान-गिलला सांग, त्याच्यावर माझा राग नाही. त्याला हे नक्की सांग."

ग्योंग-रान गेली. उन्हाळा सरला, पानगळ आली. तिने फोन केले नाहीत. डबे मात्र पाठवत राहिली; ते परत आले नाहीत, की त्यांच्याबद्दल शब्द आला नाही. दोक-सु त्या रस्त्याने जाताना खाणावळीत जेवायचा. बोक-हुई त्याला वाढायची, भात जास्त घालायची. "जिवंत आहे, काम करते," एवढंच तो घरी येऊन सांगायचा.

हिवाळ्याच्या तोंडावर एका सकाळी फोन वाजला.

"हान-गिलची आई?" बोक-हुईचा आवाज बसलेला होता. "वर्षाचं किमचीचं लोणचं घालायचंय. कोबीचा ट्रक उतरलाय दारात. टे-बोम उचलायचा सगळं. आता हात कमी पडतायत."

"आले मी, ताई. आत्ता निघते. हान-गिल रजेवर आलाय, त्याला..." ती अडखळली. "त्याला आणू का?"

पलीकडे नळ बंद केल्याचा आवाज आला.

"आण," बोक-हुई म्हणाली. "जाड कपडे घालून आण. पाणी गार आहे."