एकोणीस मिलिमीटरची चकती

माझा धंदा सायलेन्सरचा. गाडीच्या पोटातला धूर आणि आवाज मागच्या बाजूनं गुपचूप बाहेर काढून द्यायचा, बस्स. चाळीस वर्षं मी धूर म्हणजे घाण, ती काढून टाकायची, एवढंच समजत आलो. त्यामुळे ताईनं जेव्हा सांगितलं की याच धुराच्या जोरावर ती विमान वर चढवणार आहे, तेव्हा मी तिला म्हणालो, पाणी पी आणि जरा पड.

ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली. माझा शेंबूड पुसण्यापासून मला वेल्डिंगच्या कामाला लावण्यापर्यंत सगळं हिनंच केलं. ती वजनकाटे तपासायच्या खात्यात होती. तराजू खोटा असेल तर तिला तो लांबूनच कळायचा म्हणतात, आणि तिला बाजारात शिरताना बघून भल्याभल्या दुकानदारांच्या तोंडचं पाणी पळायचं. निवृत्त झाल्यावर ती घरी निवांत बसेल असं आम्हाला वाटलं होतं. बाईसाहेबांनी आधी उडवायचं रीतसर शिकून घेतलं आणि मग घरामागच्या शेडमध्ये विमान बांधायला काढलं. लाकडाचं आणि कापडाचं, स्वतःच्या हातानं. त्याला नऊ वर्षं लागली. मी आधी हसलो, मग भांडलो, आणि शेवटी हात टेकून पाने घेऊन तिच्या शेजारी विमानाखाली आडवा झालो.

इंजिन मात्र गाडीचं. एका चेपलेल्या स्पोर्ट्स गाडीतलं, भंगारवाल्यानं शेळ्यांच्या गोठ्यात टाकून दिलेलं. मी ते उघडलं तेव्हा मला वाटलं कुणी तरी अर्धे भाग पळवलेत. पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही. कमरेत दाबलेल्या डब्यासारखी एक खोली आणि तिच्यात एक तिकोनी गोळा. तो गोळा त्या खोलीत गोल गोल फिरतो आणि फिरता फिरताच हवा ओढतो, दाबतो, पेटवतो आणि बाहेर टाकतो. ताईनं तो हातानं फिरवून दाखवला. मी तीनदा बघितलं आणि चौथ्यांदा तिला बाजूला सरकवून स्वतः फिरवला. कुणाच्या डोक्यातून हे निघालं असेल, असा विचार करत मी त्या दिवशी जेवायचंही विसरलो.

पण हे इंजिन आमच्या माळावर कमी पडलं. आमची धावपट्टी उंचावर आहे. तिथं हवा विरळ, त्यामुळे इंजिनाला पुरेसा श्वास मिळत नाही. धावपट्टीवर एका ठिकाणी पांढरा ड्रम ठेवला होता आणि नियम साधा होता. ड्रमपर्यंत चाकं सुटली तर जायचं, नाही सुटली तर इंजिन बंद करून थांबायचं. ड्रमच्या पुढे थांबण्यापुरतंच गवत, त्यापुढे दगडी नाला आणि मग डोंगराची धार. गेल्या वर्षी दुपारी ताईनं पहिला प्रयत्न केला. ड्रम आला तरी चाकं जमिनीलाच चिकटलेली. तिनं इंजिन बंद केलं आणि नाल्याच्या वीस पावलं अलीकडे थांबली. 

यंदा शेवटची संधी होती. वैमानिकाला डॉक्टरचा दाखला लागतो आणि ताईचा दाखला या महिन्याअखेर संपत होता. डॉक्टरांनी तिच्या हृदयाचे कागद बघून आधीच सांगून टाकलं होतं, पुढच्या वेळी मी सही करणार नाही. म्हणजे या महिन्यात उडाली तर उडाली. नाही तर नऊ वर्षांचं विमान शेडमध्ये चादर पांघरून पडणार.

म्हणून टर्बो. गोगलगाईसारखा दिसणारा तो लोखंडी डबा मी शंभर गाड्यांत बघितला होता, पण कधी डोकं लावलं नव्हतं. धूर बाहेर जाता जाता एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावर दुसरं चक्र असतं, ते बाहेरची हवा ओढून दाबून इंजिनात कोंबतं. उंचीनं जेवढा श्वास हिरावून घेतला तेवढा परत. ताई म्हणाली, जास्तीचं मला एक कणभर नको, फक्त गेलेलं परत हवं.

आता यात मेख अशी की टर्बोला आवर घालावा लागतो. धूर सगळाच त्याच्याकडे सोडला तर तो इतकी हवा कोंबतो की इंजिन आतून ठोके द्यायला लागतं. तिकोनी गोळ्याच्या टोकांना बोटभर लांबीच्या पट्ट्या असतात. असे दोन ठोके बसले की पट्टी तुटते, तुकडे धुराबरोबर थेट टर्बोच्या चक्रात, आणि मग वर आकाशात तुम्ही आणि तुमचं नशीब. गाडीत यासाठी उघडमिट होणारी झडप असते. ताईचा हलणाऱ्या वस्तूंवर विश्वास नव्हता, गरम झाल्या की अडकतात म्हणून. तिनं टर्बोच्या अलीकडून धुराला एक बाजूची वाट काढायला लावली आणि त्या वाटेत भोकाची चकती बसवायला सांगितली. भोक लहान असेल तर टर्बोचा जोर वाढणार आणि इंजिन धोक्यात. मोठं असेल तर धूर बाजूनं निसटणार आणि विमान चढणार नाही. आठ दिवस ती वहीत गणितं करत होती. उत्तर आलं एकोणीस मिलिमीटर.

ते भोक मी केलं. आधी सतरा, मग कानशीनं घासत घासत. विमानाची शेपटी खांबाला दोरखंडानं बांधून इंजिन चालवायचं, दाबाची सुई बघायची, बंद करायचं, निवू द्यायचं, परत घासायचं. एकोणीसला सुई ताईच्या खुणेवर येऊन थांबली. टर्बोचा डबा भर दिवसा लालभडक झाला होता, आणि आवाज? टर्बो नव्हता तेव्हा या इंजिनानं गल्लीतल्या खिडक्या वाजवल्या होत्या. आता नुसता घोंगावत होता, जाड, भरलेला. मी पत्र्याचे कप्पे घालून घालून जे आयुष्यभर करत आलो ते त्या चक्रानं जाता जाता केलं होतं, आणि वर त्याच धुराकडून काम करून घेतलं होतं. चाळीस वर्षं मी किती ताकद गटारात सोडली असेल. खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. ताईनं विचारलं तर धूर गेला म्हणालो.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण उद्या उड्डाण म्हटल्यावर माझ्या जिवाला स्वस्थता मिळेना. तुटलेली पट्टी डोळ्यांसमोरून हलेना. बायको म्हणाली, त्यांचं आयुष्य आहे, उडू द्या की. मी तिच्यावर खेकसलो. संध्याकाळी ताई आंघोळीला गेली तेव्हा मी शेडमध्ये गेलो, ताईनं आवळलेले तीन बोल्ट काढले आणि एकोणीसच्या जागी दुपारी गुपचूप करून ठेवलेली बावीसची चकती बसवली. हिशेब सोपा होता. बावीसला टर्बो लुळा पडणार, इंजिनाला काही होणार नाही, आणि ड्रमपर्यंत चाकं काही सुटणार नाहीत. ताई गेल्या वर्षीसारखी थांबेल, दाखला संपेल, बहीण घरात राहील. एकोणीसची चकती मी खिशात घातली.

एक काम राहिलं होतं. ताईचा नियम होता की बोल्ट आवळला की त्यावर आणि खालच्या पत्र्यावर मिळून पिवळ्या रंगाची एक रेघ ओढायची. बोल्ट ढिला झाला की रेघ तुटते, लगेच दिसतं. मी तीनही रेघा नव्यानं ओढल्या आणि हात पुसले.

पहाटे गार हवेत उडायचं ठरलं होतं, कारण गार हवा दाट असते. विमान माळावर नेलं तेव्हा पूर्वेला डोंगराच्या मागे नुसतं फिकट उजाडत होतं. ताई बॅटरी घेऊन एकेका रेघेवरून बोट फिरवत चालली. चकतीपाशी आली आणि थांबली. वाकून बघितलं. मग माझ्याकडे न बघताच बोलली.

"ही रेघ माझी नाही."

मी म्हणालो, कशावरून? 

"माझ्या रेघा उजवीकडे कलतात. या डावीकडे आहेत. या घरात डावरा एकच आहे."

खोटा तराजू ओळखणारी बाई ती.  मग तिनं किती म्हणून विचारलं आणि मी बावीस म्हणालो. तिनं बॅटरी बंद केली. मला वाटलं आता माझी शंभरी भरली. पण ती विमानाच्या चाकाला टेकून बसली.

"धुराड्या," ती शेवटी म्हणाली. लहानपणापासून ती मला याच नावानं हाक मारते. "भीती वाटते तर तोंडावर सांग. रड, भांड, चाकापुढे आडवा पड. पण चकतीत घालू नकोस. या विमानात मी फक्त एका गोष्टीवर विसंबून आहे, की जे लिहिलंय तेच आत बसवलेलं आहे."

मी सांगितलं. सगळंच सांगून टाकलं. तू गेलीस तर मला कुणी नाही, असंही बोलून गेलो, बायको असताना. ती हसली नाही. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, ती एवढंच म्हणाली की तिलाही भीती वाटते, आणि पाना माझ्या हातात दिला.

चकती मी बदलली. एकोणीस आत, बावीस खिशात. रेघ वाकडी गेली म्हणून रंग दोनदा पुसावा लागला. रेघा तू ओढ म्हणालो तर ती नाही म्हणाली. ज्यानं आवळलं त्यानंच ओढायची. ती इंजिन तापवायला बसली आणि मी आग विझवायचं नळकांडं घेऊन ड्रमपाशी जाऊन उभा राहिलो, तोंड विमानाकडे, पाठ डोंगराकडे.

विमान निघालं. आधी नुसता ठिपका, मग पंखा, मग चाकांखालची धूळ. तो घोंगावणारा आवाज भरत भरत आला. एवढ्यात माझ्या पायापासून माझीच सावली निघाली आणि पार धावपट्टीभर विमानाकडे लांब पसरली. मला तेव्हा त्याचं काहीच वाटलं नाही. मी चाकांकडे बघत होतो. ड्रम यायला चांगली ऐंशी पावलं होती तेव्हा चाकांखालची धूळ थांबली. चाकं आणि जमीन यांच्यात उजेड दिसला, वीतभर, मग हातभर. विमान माझ्या डोक्यावरून गेलं आणि त्याच्या पोटाखाली मला लाल झालेला टर्बो दिसला. माझे तीन बोल्ट, माझी चकती, टाकाऊ धुराचा तो श्वास, आणि त्यावर माझी बहीण. मी नळकांडं खाली टाकून दिलं. सत्तर वर्षांची बाई डोंगराची धार ओलांडून उन्हात शिरली आणि मी तोंड उघडं टाकून नुसता बघत राहिलो.  

वीस मिनिटं ती वर होती. सुई खुणेवरून हलली नाही म्हणाली. उतरून थांबल्यावर ती पंखावर बसून पाणी पीत होती. माझ्या जिवात जीव आला होता, मी फुशारकीनं म्हणालो, बघितलंस ना, ड्रमच्या केवढी अलीकडे सुटलीस?

"ड्रम दिसलाच नाही मला," ती म्हणाली. "अर्ध्या वाटेत सूर्य एकदम धारेवर आला. काच पांढरी झाली. ड्रम नाही, सुया नाहीत, तूसुद्धा नाहीस. चाकांचा खडखडाट थांबला तेव्हा कळलं की सुटले."

ती सावली आता मला आठवली. मी गवतात खाली बसलो. ड्रम दिसलाच नव्हता, म्हणजे ती थांबलीच नसती. बावीसची चकती असती तर ती नाल्यात गेली असती, पूर्ण वेगानं. ज्या चकतीनं मी तिला वाचवणार होतो त्याच चकतीनं मी तिला मारली असती. मी खिशातून ती काढली आणि तिच्या हातावर ठेवली.  ताईचा चेहरा बघून कळलं की तिचाही हिशेब झालाय.

तिनं विमानाची वही आणली, माझ्यापुढे धरली आणि लिही म्हणाली. काय लिहू विचारलं तर म्हणाली, सगळं. मी लिहिलं. काल संध्याकाळी न विचारता चकती बदलली, का बदलली, आज पहाटे परत बसवली, आणि खाली सही केली. तिनं वाचलं, पेन घेतलं आणि माझ्या सहीखाली एक ओळ घातली. या वेळी ऊन समोरून येईल हे माझ्याही लक्षात आलं नाही. मग तिनं स्वतःची सही केली.

इंजिन अजून टिक टिक करत निवत होतं. ती म्हणाली, चल, रेघा तपासू. आम्ही दोघं विमानाखाली आडवे झालो. तीनही रेघा जागच्या जागी होत्या, डावीकडे कललेल्या.