पंढरीशेठचा खांब

आईने गुरुवारी सकाळी गाडी फाटकाच्या डाव्या खांबाला घासली. आवाज फार मोठा नव्हता, डब्याचं झाकण पडावं एवढाच. मी बाहेर आले तेव्हा ती स्टिअरिंग घट्ट धरून समोर बघत बसली होती आणि इंजिन चालूच होतं.

"खांब हालला काय गं?"

"खांब जागेवर आहे, आई."

"मंग मीच हालले."

मरून गाडीच्या मागच्या दाराला वीतभर पोचा पडला होता आणि त्यात खांबाचा पिवळा रंग बसला होता.

गाडी बाबांची. ते मागच्या श्रावणात गेले. तेराव्यानंतर माझ्या भावाने, शैलेशने, गाडी विकायची म्हटलं तेव्हा आई म्हणाली, "मी शिकते." तिचं वय बासष्ट. आमच्या दिघाशीहून वज्रेश्वरीला, तिच्या बहिणीकडे जायचं तरी चाळीस वर्षं तिला कुणाला तरी विचारावं लागत होतं. तिला आता विचारायचं नव्हतं, एवढंच. शैलेशने अट घातली: सहा महिने एक ओरखडा न पाडता चालवलीस तर गाडी तुझी, नाहीतर गिऱ्हाईक तयार आहे. ती मुदत येत्या रविवारी संपत होती आणि तो नाशिकहून स्वतः गाडी बघायला येणार होता.

अट घालताना त्याच्या हातात पॉलिसीचा कागद होता. "अकरा वर्षं, आई. बाबांनी एक क्लेम केला नाही. नो-क्लेम बोनस बघ, पूर्ण. असं चालवायचं." तो कागद तो दहावीच्या मार्कशीटसारखा धरत असे. आणि आई फर्स्ट गिअर टाकताना दर वेळी पुटपुटायची, "त्यांच्यासारखं आपल्याला जमायचं न्हाय."

"विमा आहे ना," मी म्हटलं. "क्लेम टाकू."

"मेसेज कोनाला जाईल?"

कागदोपत्री गाडी आईच्या नावावर झाली होती, पण पॉलिसीवर नंबर शैलेशचा होता. क्लेम टाकला असता तर पहिली घंटी त्याच्या खिशात वाजली असती.

आईने बाबांचा फोन काढला. तो ती अजून रोज चार्ज करते. मी कधी काही म्हणत नाही. त्यात पोचे काढणारा कुणी शोधताना 'अन्सारी डेंटर' असं नाव निघालं.

"त्यांचा टेंपो होता तवाचा असेल," आई म्हणाली. "लाव."

मी त्याच फोनवरून लावला, स्पीकरवर.

"सलाम, पंढरीशेठ! किधर थे इतने दिन? फिर खंबा बीच में आया क्या?"

आई फोनकडे बघत होती, फोनमधून कुणी बाहेर येणार असावं तशी.

"मी त्यांची मुलगी, जागृती," मी म्हटलं. "बाबा मागच्या श्रावणात गेले."

पलीकडे ठोकाठोक चालली होती, ती थांबली. त्यांनी हळू आवाजात दुआ म्हटली. मग म्हणाले, "गाडी लेके आओ, बेटा."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. शहरात धामणकर नाक्यामागे, कापड विणणाऱ्या दोन लूमच्या शेडांमधली चिंचोळी जागा. खटखटीमुळे तिथे सगळे ओरडूनच बोलतात, गुपितंसुद्धा. अन्सारीचाचांनी चष्मा कपाळावर चढवला आणि नवा पोचा सोडून ते गाडीभोवती फिरले. पत्र्यावर हात ठेवत म्हणाले, "ये एक. इधर दुसरा. ये पिछला कोना दो बार. पैला तर भाभी, गाडी नवी होती तेव्हाचा. तिसरा दिन."

"तिसऱ्या दिवशी?" आई ओरडली. "तिसऱ्या दिवशी ते पेढे वाटाला गेलते!"

"पेढे मुझे भी दिए."

"आनी दिवाळीच्या आधी?"

"वो बंपर था."

"सर्व्हिसिंगला देतो म्हनाले! मी म्हनते, ही काय गाडी हाय, वरसातून दोनदोनदा सर्व्हिसिंग मागते. मी कंपनीला शिव्या घातल्या!"

चाचांनी बोटांवर मोजलं. नऊ वेळा. आणि दर वेळी तोच डावा खांब. बाबा अधूनमधून, सण नसताना, बनियन घालून तो एकच खांब रंगवायला काढायचे आणि गाव म्हणायचं, पंढरीला घराची भारी हौस. डावा खांब उजव्यापेक्षा गुबगुबीत दिसायचा, ती मी गवंडीकामातली लहानशी चूक समजत आले होते.

"पण चाचा, क्लेम का नाही केला त्यांनी? एकदा तरी?"

"मैं बोला था. शेठ, बड़ा काम है, क्लेम कर दो. तो बोले, क्लेम किया तो कागज पे आएगा. कागज पे आया तो घर में आएगा."

आई हसायला लागली. मग तिने पदर तोंडाला लावला आणि खांदे हलतच राहिले, तेव्हा मी लूमकडे बघत उभी राहिले. धागे सारखे आत जात होते.

चाचांनी फळीवरून एक डबा उतरवला. झाकणावर खडूने लिहिलं होतं: पंढरी शेठ, खंबा.

"कंपनीत देशील तर एकदम नवा रंग मारतील, बेटा. एक दार चमकेल, बाकी गाडी बुढ्ढी. हा रंग मी गाडीबरोबर बुढ्ढा केला आहे. हर बार थोडा फीका." त्यांनी डबा हलवला. "एक बार का बचा है, भाभी. सँभाल के."

शनिवारी संध्याकाळी गाडी मिळाली. मी दारावर तिरप्या उजेडात बघितलं, बोट फिरवलं. काही नव्हतं.

रविवारी आठ वाजता आई चहाचा कप घेऊन अंगणात गेली आणि तशीच परत आली.

"जागृती. खांब."

पिवळ्या खांबावर मरून पट्टा, दाराच्या उंचीचा, लांबून वाचता येईल असा. दोघींनी तीन दिवस गाडीचा विचार केला होता. आईने माळ्यावरून बाबांचा पिवळा डबा काढायला लावला, ब्रश रॉकेलमध्ये बुडवला आणि खांबासमोर पाट टाकून बसली. पट्ट्यावरून ब्रश जेमतेम एकदा फिरला होता, तेवढ्यात शैलेश आला, तासभर लवकर.

तो बाहेर आपली गाडी लावून फाटकात थांबला. आईच्या हातात ब्रश, नाकावर पिवळा ठिपका.

"आई," तो ब्रशकडे बघत म्हणाला. "बाबा असेच बसायचे गं."

"हो ना," आई म्हणाली. ते खोटं नव्हतं.

"दे इकडे. तुला वाकवत नाही." त्याने बाह्या वर केल्या. शैलेश कुठलंही काम अर्धवट करत नाही. लहानपणी वह्यांना कव्हरंही दोनदा घालायचा. "नुसता वरून मारून टिकणार नाही. आधी घासायला हवा."

"नको रे, उगाच कशाला..."

पण पॉलिश पेपर त्याच्या हाताला लागला होता. ओला पिवळा गेला, मरून आला. मरूनखाली पिवळा. त्याखाली पुन्हा मरून. तो घासत गेला आणि हळूहळू घासेनासा झाला.

"आई, हे लाल काय आहे?"

"प्रायमर असंल."

"प्रायमर पट्ट्यापट्ट्यांनी मारतात?" त्याने खांबावर हात ठेवला, तसाच आडवा नेला आणि गाडीच्या दाराकडे बघितलं. उंची बरोबर होती. मला त्या क्षणी त्याची दया आली. पॉलिसीच्या कागदावरचे बाबा, तेवढेच त्याच्याजवळ उरले होते.

"किती वेळा?" त्याने विचारलं.

"नऊ," आई म्हणाली. "मी एकदाच."

मी डोळे मिटून घेतले.

"कधी?"

"गुरुवारी."

तो उठून गाडीकडे गेला. एकेका दारासमोर वाकला, मोबाइलचा टॉर्च लावला, नखाने टोकरलं. आई पाटावरून बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर बाबांचा पत्त्यांच्या वेळचा भाव होता.

"कुठलं दार?"

"शोध की."

त्याला सापडलं नाही. तो परत येऊन खांबाशी जमिनीवरच बसला आणि आधी नाकातून, मग मोठ्याने हसत सुटला. पेढ्यांची गोष्ट आईने त्याला दोनदा सांगितली. मग त्याने चावी मागितली नाही, गिऱ्हाइकाचंही नाव काढलं नाही, ब्रश उचलला.

"महिनाअखेर पॉलिसी रिन्यू करायची आहे," रंगवता रंगवता तो म्हणाला. "नंबर कुणाचा टाकू?"

"माझा."

"मग काय झालं ते मला कळणार कसं?"

आईने त्याच्या हातातला ब्रश थांबवला. सगळ्यात वरचा, तिचा पट्टा चार बोटं उघडा राहिला होता.

"एवढा ठेव," ती म्हणाली. "येशील तवा खांब बघत जा."