उशिराचा शेक

महाराष्ट्र राज्य झालं, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. शेजारच्या सायराबीचा सादिक लुगडं मागायला आला, तेव्हा मी चुलीपुढं होते. थंडीत देवाची पालखी नळदुर्गाहून परत अणदूरला आली, की आमच्या गावातली पोरं दरसाल नाटक बसवायची, आणि बाईचं काम दरसाल सादिककडं. अंगानं काटकुळा, आवाज मऊ, मिशी काढायला एका पायावर तयार.

"वैनी, हिरवं लुगडं हाय का एखादं? औंदा मी गरवार हाय."

मी हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. तोवर आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पेटी उघडलीसुद्धा.

"हे ने बाबा. पडूनच हाय."

ते माझ्या चोरओटीचं लुगडं होतं. पाचव्या महिन्यात, चारचौघींना न बोलावता माझी ओटी भरली, तेव्हा आत्यांनीच ते नळदुर्गच्या बाजारातून आणलेलं. सहाव्या महिन्यात, ऐन खुरपणीत, पोट रिकामं झालं. मुलगा होता. ह्यांनी डोईचा पटका सोडला, त्यात त्याला गुंडाळून मळ्याकडं नेलं, आणि बोडक्या डोक्यानं घरी आले.

तिसऱ्या दिवशी मी आडावरून पाणी आणत होते. कुणी जुलूम केला असं नाही. आत्या एवढंच म्हणाल्या होत्या, "मूल न्हाय तर बाळंतपण कसलं, पोरी? ऊठ, कामात मन रमंल." आमच्याकडं बाळंतीण सव्वा महिना बाजेवर असते. बाजेखाली निखाऱ्यांचा शेक, ओव्या-शेपांची धुरी, कानाला फडकं, डिंकाचे लाडू. ते सगळं मुलाच्या नावानं येतं. मूल नाही, म्हणून तेही नाही. दुधाला मात्र हे कुणी सांगितलं नव्हतं. ते आलं. गोठ्यामागच्या लिंबाच्या बुडाशी मी ते पिळून टाकायची, पदर घट्ट आवळायची, आणि भाकरी थापायला परत यायची.

पुढं घरात त्याचं नाव निघालं नाही. नाव नव्हतंच म्हणा. पण मला वाटायचं, एकदा, एकदाच कुणीतरी म्हणावं, की ही आजारी पडली नव्हती, ही बाळंत झाली होती.

नाटकाच्या दिवशी दिवेलागणीलाच बायका शाळेपुढं पोती अंथरून बसल्या. थंडी होती. आत्यांनी घोंगडी आणलेली, ती दोघींच्या पायांवर घेतली. गॅसबत्ती पेटली आणि सादिक आला. अंगावर माझं लुगडं, डोक्याला काजळात बुडवलेले अंबाडीचे केस, पोटाला बांधलेलं गाठोडं. शिट्ट्याच शिट्ट्या.

"ए सादिक्या, कितवा रं?"

"पयलाच हाय मामा, जरा दमानं घ्या!"

लोक पोट धरून हसले. मग नाटकातल्या त्या बाईचं मूल गेलं. सादिकनं ऊर बडवला, "देवा रे, माझा चंद्र बुडाला!" म्हणत जमिनीवर लोळण घेतली. केस एका कानावर घसरले. पोरं खिदळली. मी कोरडीच. मी अशी रडले नव्हते. खरं तर मी रडलेच नव्हते. मी नुसतं लुगड्याकडं बघत होते. ओटीतल्या हळकुंडाचा डाग त्याच्या काठाला अजून होता, तो सादिकच्या गुडघ्यापाशी आला होता.

पुढच्या प्रवेशात सासू आली. सासू म्हणजे लिंबाजी, गालात तंबाखू धरलेला. "ऊठ गं, घरात पाण्याचा थेंब न्हाय," तो म्हणाला. आणि सादिक काही न बोलता उठला. बहुतेक बोलणं विसरला असावा. त्यानं घागर कमरेवर घेतली आणि चालायला लागला. हळू, एक पाय जरासा ओढत, मोकळा हात ओटीपोटाशी धरून.

ती माझी चाल होती. आड सादिकच्याच दारासमोर आहे.

"ए! ठेव ती घागर!"

माझ्या शेजारून कुणीतरी ताडकन उठलं होतं. आत्या.

"ओली बाळंतीण हाय ती! अंगावरनं रगत चाललंय अजून, आन् पाण्याला धाडतीस? आईच्या पोटची हायेस का दगडाच्या गं?"

लिंबाजी गडबडला. त्यानं डोईवरचा पदर मागं सारला. "मावशे, म्या हाय, लिंबाजी..."

"असशील! मूल गेलं म्हून काय झालं? बाळंत तर झाली न्हवं ती?"

बायकांमध्ये हशा पिकला. पुरुषांतून कुणीतरी ओरडलं, "लिंबाजी, पड पाया!" सादिक घागर घेऊन तसाच उभा. त्याची नजर आमच्याकडं होती, आणि तो हसत नव्हता.

आत्याही उभ्याच. तोंडातून गेलेले शब्द त्यांच्या कानांवर आत्ता कुठं येत असावेत. मग त्या खाली बसल्या. माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही. घोंगडीची कड मात्र त्यांनी माझ्या पायांखाली खोचली, एकदा, आणि थोड्या वेळानं परत. उरलेलं नाटक आम्ही दोघींनी बघितलं नाही. डोळे तिकडंच होते, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घागर घेतली, तर त्यांनी ती माझ्या कमरेवरून काढून घेतली.

"ठेव."

"आन् पाणी?"

"तुझा नवरा आणील."

हे आधी आईकडं बघत राहिले, मग घागर खांद्यावर टाकून निघाले. परत आले ते डोईचा पटका ओला करून. मागून कुणाचीतरी आरोळी, "काय म्हारुद्रप्पा, बायकू रुसली व्हय?" पण ते दुसऱ्या खेपेला गेले.

आत्यांनी बाज मधल्या घरात ओढली. खाली घमेल्यात निखारे, त्यावर ओवा नि शेपा.

"आत्या, आता कशाला? सहा महिने झाले."

"गप पड. हाडात शिरलेलं वारं म्हयने मोजत न्हाय."

त्यांनी माझ्या कानाला फडकं बांधलं, पोटाला कोमट तेल लावलं. त्यांचे हात खरबरीत आहेत, पण तेव्हा ते असे फिरत होते, जसं आत अजून कुणी झोपलेलं असावं.  मग माझ्याकडं न बघताच त्या म्हणाल्या,

"त्याचं नाक आमच्या मालकावाणी व्हतं. म्या बघितलं व्हतं."

मी कानावरचं फडकं जरा सरकवलं. 

धुरीचा वास गल्लीत गेला असणार. सायराबी दारात आली. "मथुराक्का, शेक कुणाला? कोण बाळंत झालं?"

"माझी सून," आत्या म्हणाल्या.

सायराबीनं बाजेकडं पाहिलं. माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेकडं पाहिलं. ती मागं फिरली. मला वाटलं, गेली. तर थोड्याच वेळात ती पदरात खारका नि खोबऱ्याची वाटी घेऊन आली आणि माझ्या उशाशी ठेवून म्हणाली, "बाळंतिणीकडं रिकाम्या हातानं यिऊ न्हाय, बाई. मगाशी चुकलंच माझं."

तेव्हा कुठं माझे डोळे वाहायला लागले. थांबेनात.

"धूर लागतोय व्हय?" आत्यांनी विचारलं.

"व्हय."

"लागू दे," त्या म्हणाल्या, आणि निखाऱ्यांवर आणखी एक चिमूट ओवा टाकला.