मानेवरची गाठ

मी एक जुनी मोटारसायकल आहे, मित्रांनो, आणि माझी मान मोडलेली आहे. ती कशी मोडली हे सांगताना मला आजही लाज वाटते. पण तुमच्यापैकी कोणी उद्या मोठा होऊन माझ्यासारखी जुनी गाडी घ्यायला जाईल. त्याला माझं ऐकून फायदा झाला तर बरं, म्हणून सांगते.

माझा जन्म इटली देशातला. तिथल्या एका कारखान्यात मला घडवलं, ते शर्यतीसारखं पळण्यासाठी. अंग बारीक, टाकी लांबट, रंग लालभडक. एक परदेशी इंजिनीअर कारखान्याची यंत्रं उभारायला आपल्याकडे आला, तो मला जहाजातून बरोबर घेऊन आला. तो रोज संध्याकाळी फडक्यानं मला पुसायचा. काम संपल्यावर तो मायदेशी परत गेला आणि मला अकोल्यात एका श्रीमंत तरुणाला विकून गेला.

त्या तरुणाला वेग आवडायचा. एका दुपारी वळणावर त्यानं मला दगडी पुलाच्या कठड्यावर घातलं. त्याला थोडं खरचटलं. माझी मान मात्र तुटली. मान म्हणजे हँडलच्या मागची, टाकीखाली लपलेली जाड नळी. सगळ्या गाडीचा भार तिच्यावर असतो. एका कारागिरानं ती घाईघाईनं जोडली, वर भेगा बुजवायची लांबी भरली आणि लाल रंग मारला. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. हात लावला तर मात्र नळीच्या खालच्या बाजूला बोराएवढी गाठ लागायची.

अशी मी वाशीमच्या बबनरावांकडे आले. ते बैल, जुन्या सायकली, जुन्या मोटारी, जे मिळेल ते घेत आणि विकत. त्यांनी माझ्या मैल मोजणाऱ्या काट्याची तार काढून ठेवली, म्हणजे मी कमी चाललेली वाटावी. टायरांना काळं पॉलिश लावलं. मी त्यांच्या दारात नवरीसारखी उभी राहिले.

सन एकोणीसशे त्र्याहत्तरची दिवाळी नुकतीच झाली होती. शिरपूरजवळच्या एका गावातून पुंजाजी नावाचे शेतकरी बबनरावांकडे आले. बैलाची पारख करावी ती पुंजाजींनीच, असं दहा गावांत म्हणत. बाजारात कोणाला जोडी घ्यायची असली की लोक त्यांना सोबत नेत. कानशीनं घासलेले दात, तेल लावून चकाकवलेली शिंगं, मीठ चारून पाण्यानं फुगवलेलं पोट, असली कोणतीच लबाडी त्यांच्यापुढे टिकत नसे.

त्यांच्याबरोबर त्यांची मुलगी बेबीताई होती. घरानं बौद्ध धम्म स्वीकारल्यानंतरच्या वर्षांत शिकलेली, त्या घरातली पहिली पगारदार. जऊळक्याच्या बाजूला एका लहान गावात ती शाळामास्तरीण झाली होती. नोकरी कच्ची होती. शाळा चार कोस दूर, आणि एसटी पोहोचायची ती शाळा भरून तास झाल्यावर. दोनदा उशीर झाला, तेव्हा हेडमास्तरांनी बजावलं होतं की आणखी एकदा असं झालं तर नोकरी कायम करण्याची शिफारस मी करणार नाही. म्हणून पुंजाजी गाडी घ्यायला आले होते. बदल्यात द्यायला त्यांनी घरच्या गायींच्या पोटी जन्मलेली बैलजोडी आणली होती. आधीच्या वर्षी दुष्काळात स्वतः अर्धपोटी राहून जगवलेले दोन तरणे बैल. घरी उरली ती जुनी, थकलेली जोडी.

बबनरावांना निरोप गेला होता. पुंजाजी येण्याआधीच बबनरावांच्या माणसानं मला दहा-बारा किक मारून सुरू केलं, चौकापर्यंत फिरवून आणलं आणि बंद करून ठेवलं. थंड असताना मी सहजासहजी सुरू होत नसे, हे बबनरावांना ठाऊक होतं.

पुंजाजींनी माझ्या इंजिनाला तळहात लावला. बैलाच्या कानाला लावावा तसा.

"गरम हाय," ते मुलीला म्हणाले. "जितं जनावर गरमच असते, बेबी. थंडं असतं त म्या घेतलीच नसती."

मित्रांनो, बैल ओळखणाऱ्या माणसाचीच ही चूक! गाडी पाहायला गेल्यावर ती गरम असेल तर समजावं की काहीतरी झाकलं आहे. एका किकमध्ये मी सुरू झाले. बेबीताईनं टाळी वाजवली. मला बरं वाटलं, हे मी लपवत नाही. फार दिवसांनी कोणी माझं कौतुक केलं होतं.

मग पुंजाजींचा हात सवयीनं माझ्या मानेकडे गेला. टाकीखालून बोटं आत शिरली आणि गाठीवर थांबली.

"बबनराव, हे गाठ कायची हो? जू लागून लागून बैलाच्या मानीले अशी गाठ येते. तसा बैल मी कोनाले घेऊ देत नाई."

बबनराव मोठ्यानं हसले. "अहो पुंजाजी, हे इटलीचं यंत्र हाय! हिले का वखराले जुपली होती? आता हिचे दात पाहा अन् शेपटी पिरगाळा!"

समोरच्या चहाच्या बाकावरचे लोकही हसले. एक जण ओरडला, "खूर पाहून घ्या पुंजाजी, खूर!" बेबीताईनं खाली पाहिलं. पुंजाजींनी हात काढून घेतला.

"म्या आपलं सहज इचारलं," ते म्हणाले.

तेवढ्यात मी काही करू शकले असते का? रंगाचा एक पोपडा गळून पडला असता तरी पुरलं असतं. पण मी चकाकत उभी राहिले.

आता बैल सोपवायची वेळ आली. पुंजाजींनी डाव्या बैलाच्या पाठीवर हात ठेवला.

"हा पाखऱ्या. पाण्याले भेते. नाल्यात उतरत नाई. पुढं होऊन नाव घेतलं, तरच येते. मांगून मारलं त जू मोडीन."

"हे कायले सांगता? म्या इचारलं का?"

"इचारल्यावर सांगनं, ते का सांगनं झालं? ज्याच्या घरी जाईन त्याले हे सांगजा. उद्या कोनाच्या लेकराले लागाले नको."

मित्रांनो, त्या अंगणात त्या दिवशी दोघांत ऐब, म्हणजे खोट, होती. बैलाची ऐब त्याच्या मालकानं न विचारता सांगितली. माझी विचारूनही कोणी सांगितली नाही. मी लाल होतेच. लाजेनं आणखी लाल झाले असेन, तर ते कोणाच्या लक्षात आलं नसेल.

पुंजाजी कापणी झालेल्या वावरात पडत उठत मला चालवायला शिकले. मार्गशीर्ष लागला, सकाळी थंडी पडू लागली आणि माझं सोंग उघडं पडलं. रोज सकाळी पुंजाजी किक मारून घामाघूम होत. मग बेबीताई पुस्तकांची पिशवी गळ्यात अडकवून मागून ढकलायची.

पुंजाजींची बायको रुख्मिणी दारात उभी राहून म्हणायची, "तरने बैल होते तवा बैल मानसाले ओढत होते. आता मानसं गाडीले ढकलून राह्यले. सुधरले बाप्पा आपले दिवस!"

"गप राय, रुख्मे. थंडीनं आखडली हाय ते."

"मंग घोंगडं पांघरा तिले."

तरी एकदा सुरू झाले की मी पळायचे. बेबीताई महिनाभर शाळेत वेळेवर पोहोचली, एवढं पुण्य माझ्या पदरात आहे.

एकदा माझी क्लचची तार तुटली. इटलीची तार वाशीमात कुठून मिळणार? भाऊसिंग नावाच्या मेकॅनिकनं सायकलच्या ब्रेकची तार जोडून दिली. तो तोंडाचा फटकळ, पण कामाचा सच्चा.

"पुंजाजी, घ्याच्या आधी मले काहून नाई आनलं? तुमी दुसऱ्याचे बैल पाहाले जाता, मंग सोताची गाडी पाहाले दुसऱ्याले न्याची लाज वाटली?"

"तसं नाई रे."

"सकाळी जाऊन थंडी गाडी पाहाची असते. गरम गाडी अन् सजवलेला बैल, दोन्हीचा भरोसा नाई. सुटे भाग कुठं भेटतात ते इचाराचं. टाकी काढाले लावाची अन् खालची नळी पाहाची. आजून काई शंका हाय का? असंन त आताच सांगा."

पुंजाजींची बोटं माझ्या मानेकडे निघाली. दुकानात चार माणसं बसली होती. त्यांतला एक जण त्या दिवशी चहाच्या बाकावर होता. पुंजाजींनी हात खिशात घातला.

"नाई," ते म्हणाले. "बाकी ठीक हाय."

पौषात शाळेची तपासणी ठरली. तपासणीचे साहेब साडेदहाला येणार होते. बेबीताईची नोकरी कायम व्हायची की नाही, हे त्याच दिवशी ठरणार होतं. तिनं मुलांकडून कविता पाठ करून घेतल्या, तक्ते रंगवले. ते तक्ते गुंडाळून ती माझ्यावर बसली. ढकलून ढकलून मी सुरू झाले. तीन कोस नीट गेले.

पुढे उतार होता आणि खाली नाला. त्या साली पाऊस भरपूर झाल्यामुळे पौषातही नाल्याला घोट्याएवढं पाणी होतं. उतारावर पुंजाजींनी ब्रेक दाबला. सगळा भार पुढे आला. जुना जोड कडकन उकलला, माझं पुढचं चाक मुडपलं आणि आम्ही तिघंही दगडांवर पडलो. पुंजाजींचे गुडघे फुटले. बेबीताई उजव्या हातावर पडली. तिचं मनगट लगेच सुजलं. तक्ते चिखलात गेले.

पुंजाजी आधी मुलीकडे धावले. मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. रंग फाटून गाठ उघडी पडली होती. त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं.

"हेच," ते म्हणाले. "हेच लागलं होतं हाताले."

"बाबा, किती वाजले?" बेबीताईनं विचारलं. तिचे ओठ पांढरे पडले होते.

तेवढ्यात मागून एक बैलगाडी आली. वांगी आणि सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, टोपल्या भरलेली. गोविंदा नावाचा माळी हाकत होता. गाडीला कोण जुंपलेलं होतं ते मी आधी ओळखलं. पाखऱ्या आणि त्याचा जोडीदार! बबनरावांनी जोडी गोविंदाला विकली होती.

गोविंदानं टोपल्या सरकवून बेबीताईला गाडीत बसवलं. पण पाण्याच्या काठाशी पाखऱ्या थांबला. गोविंदानं तुतारी, म्हणजे खिळा लावलेली काठी, टोचण्यासाठी उचलली.

"मारू नको!" पुंजाजी ओरडले. "तुले बबनरावनं सांगतलं नाई?"

"काई नाई सांगतलं बा. म्या त रोज वरच्या पुलावरून फेऱ्यानं जातो. तुमी पडलेले दिसले, म्हून इकडून घातली गाडी."

पुंजाजी रक्ताळलेल्या गुडघ्यांनी पाण्यात उतरले. पलीकडे तोंड करून, मागे न पाहता त्यांनी हाक मारली, "ये पाखऱ्या. ये रे बाप्पा. मी हावो नं."

पाखऱ्यानं कान टवकारले. दोन महिन्यांपूर्वी मालकानं त्याला माझ्या बदल्यात देऊन टाकलं होतं. तरी त्यानं पाण्यात पाय टाकला. गाडी पलीकडे गेली, आणि मी दगडांवर आडवी पडून ते पाहत राहिले. त्या वेळेइतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

पुढचं मी गोविंदाच्या तोंडून ऐकलं. संध्याकाळी त्यानं मला त्याच गाडीत टाकून घरी पोहोचवलं, तेव्हा तो रुख्मिणीला सांगत होता.

"साहेब वर्गात बसले होते. अकरा वाजून गेले होते. हेडमास्तर बोलले, या बाई असंच करतात. ताईनं डाव्या हातानं खडू धरला अन् फळ्यावर लिवाले लागली. मंग पुंजाजी दारातूनच बोलले, साहेब, चूक पोरीची नाई, माही हाय. गाडीच्या मानीले गाठ होती. मले कळली होती. लोक हासले म्हून म्या दुसऱ्यांदा इचारलं नाई. साऱ्या शाळेपुढं बोलले, बाई! मले कधी जमलं नसतं."

"मंग साहेब काय बोलला?"

"तो बोलला, उशीर तो उशीर. कागदावर येईन. पन मनगट दाखवा आधी, म्हने."

त्या वर्षी बेबीताई कायम झाली नाही. नोकरी गेली नाही, पण एक वर्ष लांबलं. मनगट थोडं वाकडं बसलं. ती जऊळक्याच्या बाजूला त्याच गावात खोली करून राहिली. रुख्मिणी दर आठवड्याला तिला भाकरी घेऊन जायची, आणि मी गोठ्यात, पाखऱ्याच्या रिकाम्या जागी उभी असायचे.

उन्हाळ्यात बबनराव आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "झालं ते झालं, पुंजाजी. परत द्या. मान जोडतो, रंग मारतो. नांदेडकडं गिऱ्हाईक हाय. पाखऱ्याच्या तोडीचा बैल तुमच्या दारात आनून बांधतो."

बैलाचं नाव निघताच पुंजाजींनी गोठ्याकडे पाहिलं. नांगरटीचे दिवस जवळ आले होते, घरी तीच जुनी थकलेली जोडी होती. माझ्या मनात धाकधूक झाली. पुन्हा तो रंग, पुन्हा ती चकाकी, पुन्हा कोणाची तरी लेक मागे बसणार.

"गिऱ्हाइकाले सांगान का, मान मोडली होती म्हून?"

"सांगून कधी माल खपते का?"

"मंग राहू द्या."

बबनराव गेले. पुंजाजींनी बेबीताईचा एक खडू शोधून काढला. अक्षरं ते उतारवयात लेकीकडूनच शिकले होते. लिहायला वेळ लागायचा. माझ्या लाल टाकीवर त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं: इथे मोडली आहे. हात लावून पाहा.

तेव्हापासून कोणाला जुनी सायकल, जुनी मोटार, काहीही घ्यायचं असलं की माणसं आधी पुंजाजींच्या गोठ्यात येतात. ते त्यांची बोटं धरून माझ्या मानेच्या फटीवर ठेवतात आणि म्हणतात, "ध्यानात ठेवजा. अन् लोक हासले तरी इचारजा." एकदा हसणाऱ्यांपैकीच एक जण आला होता. त्याचाही हात त्यांनी तसाच धरला.

मित्रांनो, जुनी वस्तू घेताना ती थंड असताना पाहा, झाकण काढून पाहा, जाणकाराला सोबत न्या. आणि तुमच्या हाताला काही लागलं, तर हात काढून घेऊ नका. खडू पावसाळ्यात पुसला जातो. पुंजाजी दरवर्षी तो पुन्हा गिरवतात, आणि ते गिरवत असताना मी मान वर करून उभी राहायचा प्रयत्न करते. मोडलेली आहे, तेवढी वर होत नाही. पण आता ती झाकलेली नाही.