एकोणीस नंबरची वलांडी

मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी मोजणीच्या कचेरीतून फोन आला. जुहूच्या कोळीवाड्यातल्या मासळी वाळवायच्या जागेचा नकाशा उघडत नव्हता. तीन संगणकांवर करून पाहिलं होतं. संध्याकाळी पाचला आराखड्याच्या नोंदी बंद होणार होत्या. तोवर नकाशा नावांसकट आला नाही तर ती जागा 'मोकळी जमीन' म्हणून लागेल, एवढं सांगून तिकडच्या बाईंनी फोन ठेवला.

फोन तेजलच्या टेबलावर आला होता. दोन महिन्यांपूर्वी तो विनिताच्या टेबलावर आला असता.

विनिताने मान वर केली नाही. नकाशा का उघडत नाही हे नकाशे बनवणाऱ्या मरोळच्या त्या अकरा माणसांच्या ऑफिसात फक्त तिला ठाऊक होतं.

अशा एका नकाशाच्या पाच फायली असतात. नाव सगळ्यांचं एकच, शेपूट वेगळं. एकीत आकार, दुसरीत त्या आकारांची अनुक्रमणी, तिसरीत नावांचा तक्ता, चौथीत जागा पृथ्वीवर नेमकी कुठे बसते तो हिशेब, पाचवीत ती नावं कुठल्या अक्षरपद्धतीत वाचायची याची खूण. पाचही एका ठिकाणी असल्या तरच नकाशा नीट उघडतो. शुक्रवारी सुबोध सरांनी सांगितलं होतं, "विनिता, कोळीवाड्याचं काम तेजलकडे सोपव." विनिताने सोपवलं. पाचांतली एक फाईल सोपवली, सगळ्यांत मोठी. बाकीच्या चार, त्या मोठीच्या एका प्रतीसह, पेन ड्राइव्हवर घेतल्या, ऑफिसच्या संगणकावरून पुसल्या आणि पेन ड्राइव्ह पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकला.

काम बुडवायचं तिच्या मनात नव्हतं. तेजलने फाईल उघडून पाहावी, ती उघडू नये, आणि तिने या टेबलापर्यंत चालत येऊन विचारावं, "विनिता, जरा बघतेस का गं?" एवढंच तिला हवं होतं. पण तेजलने फाईल उघडून न पाहताच सोमवारी पुढे पाठवली. विनितावर तिचा भरवसा होता.

तो भरवसाही विनिताला खुपला.

विनिता त्याच कोळीवाड्यातली. फेब्रुवारीच्या उन्हात यंत्र घेऊन तिने त्रेचाळीस वलांड्या मोजल्या होत्या. वलांडी म्हणजे बांबू रोवून, दोऱ्या ताणून, त्यावर बोंबील टांगायची जागा. कागद कुणाकडेच नाही. सासूची जागा सुनेकडे जाते, आणि कुठल्या बांबूपासून कुठल्या बांबूपर्यंत कुणाचं, ते बायकांना तोंडपाठ असतं. एकेक वलांडी एकेका बाईच्या नावावर लिहून काढायची कल्पना विनिताची. तेजल दोनदा आली. विक्रोळीहून टोपी घालून आली, विनिताच्या कमळमावशीच्या ओट्यावर बसून बोंबलाचं कालवण जेवली, आणि जाताना सगळ्या बायकांना स्वतःचा नंबर देऊन गेली. त्यानंतर मावशी विनिताला म्हणाली होती, "काय गोड पोर हाय गो ती! तुझ्यासारखी तोंड पाडून नाय बसत." पुढच्या महिन्यात सुबोध सरांनी तेजलला प्रकल्पप्रमुख केलं.

दुपारी एकपर्यंत तेजलने फाईल चार वेळा पुन्हा पाठवली. चारही वेळा तिकडून तेच उत्तर. मग ती उठली. विनिताचा हात आपोआप पर्सकडे गेला. तेजल तिच्या टेबलाजवळ आली, तिच्या मागच्या खिडकीतून चार्जर काढून घेतला आणि परत गेली.

"काय झालं गं?" न राहवून विनितानेच विचारलं.

"काही नाही, फाईल तुटकी आहे. होईल."

"तेजल, पाचची वेळ आहे हां," सुबोध सर केबिनच्या दारातून ओरडले. "वाट लागेल आपली."

"लागू देत नाही, सर. तुम्ही फक्त दर दहा मिनिटांनी येऊ नका."

सर हसले. विनिताची सहा वर्षांत असं बोलायची छाती झाली नव्हती.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी तेजलच्या पडद्यावर आकार उमटले. नुसत्या आकारांवरून अनुक्रमणी पुन्हा तयार करून घ्यायची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते. ती तिने शोधून काढली. जागा आधी भलतीकडेच पडली होती, ती तिने ओढून जुहूवर बसवली. त्रेचाळीस चौकटी, एकमेकींना खेटून. ही युक्ती विनिताला माहीत नव्हती. तिने खुर्ची फिरवून दोन मिनिटं ते पाहिलं.

नावं मात्र नव्हती. नावांच्या रकान्यात सगळीकडे कोरं.

आता येईल, विनिताला वाटलं. आता विचारावंच लागेल.

तेजलने फोन उचलून मोठ्या आवाजावर टाकला. "मावशी, मी तेजल. वेळ आहे का? मला एका टोकापासून सगळ्यांची नावं सांगायची. समुद्राच्या बाजूने सुरू करू."

"अगो बाय, सांगते की! थांब, ओट्यावर बसते. पयली माझी."

"ती माहितीये. तिथेच तर बसून जेवले."

"मग दुसरी चेतनाची. तिसरी चेतनाच्या जावेची, ती भांडकुदळ."

"मावशी, भांडकुदळ नाही लिहिता येत. नाव सांगा."

पलीकडे पाचसहा बायका एकदम हसल्या. विनिताने ते हसणं ओळखलं. त्यातल्या दोघी लहानपणी तिची वेणी घालत. यंत्र घेऊन ती तिथे नऊ दिवस फिरली, तेव्हा यांतलं कुणी असं हसलं नव्हतं. ती घरचीच म्हणून कुणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

काम हळूहळू पुढे सरकत होतं. मध्येच दोघी आपसांत वाद घालत, मावशी निवाडा देई. साडेतीनच्या सुमारास तेजल म्हणाली, "एकोणीस. नारळाच्या झाडाला लागून आहे ती."

"ती आमच्या ताईची. विनिताच्या आईची. ती गेली ना दोन वर्सांपूर्वी."

"मग विनिताचं नाव टाकू?"

विनिताचे हात कळफलकावर थांबले.

"तिचं कशाला?" मावशी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, हिशेब होता. "ती कंदी बोंबील टांगायला आली? मागला हंगाम सगळा बाजूच्या रुचिराने वाळवलं तिथं. रुचिरा टाक."

"नक्की ना, मावशी?"

"मी खोटं सांगेन काय?"

कळफलकाचा आवाज झाला. रुचिरा.

पर्समधल्या तक्त्यात एकोणिसाव्या ओळीत विनिताचं नाव होतं. फेब्रुवारीत तिने ते कुणाला न विचारता लिहिलं होतं. आईने बावीस वर्षं त्या दोऱ्यांवर हात फिरवला होता, एवढं कारण तिला तेव्हा पुरलं होतं.

चार वाजून वीस मिनिटांनी, तेजलची एकतीस नावं लिहून झाली तेव्हा, विनिता उठली आणि पेन ड्राइव्ह तिच्या टेबलावर ठेवला.

"जुन्या बॅकअपमध्ये सापडलं."

तेजलने तो लावला. पाचही फायली ओळीने दिसल्या. शेजारी तारीख: शुक्रवार, संध्याकाळी पाच पन्नास. तेजलने ती वाचली. तेवढा वेळ तिचं बोट माउसवर स्थिर होतं.

"सापडलं ना? झकास," ती म्हणाली. "मावशी, ठेवते. नावं मिळाली."

"मिळाली? अगो, मग आमचा जीव कशाला खाल्लास!"

तेजलने दोन्ही तक्ते शेजारीशेजारी लावले. तीस नावं जुळली. एक जुळलं नाही.

"विनिता," ती हळू आवाजात म्हणाली, "एकोणीस?"

विनिताला उत्तर देता आलं असतं. माझं म्हणता आलं असतं, किंवा मावशी सांगते तेच बरोबर असंही. दोन्हींत तेजलच्या खुर्चीशेजारी उभं राहून, तिच्या तोंडाकडे पाहत, तिच्याकडे काहीतरी मागितल्यासारखं झालं असतं.

"प्रमुख तू आहेस ना," ती म्हणाली. "तू ठरव."

"अगं, असं काय करतेस यार. घरचं आहे तुझ्या, तू सांग ना."

"चार अठ्ठेचाळीस!" केबिनमधून सुबोध सर. "काय ते पाठवा!"

विनिता पाण्याच्या मशीनकडे गेली. ग्लास भरला, सगळा प्याली, पुन्हा भरला. ती परतली तेव्हा चार छप्पन झाले होते, मेल गेली होती आणि पेन ड्राइव्ह तिच्या कळफलकावर ठेवलेला होता. तेजल बॅग भरत होती. तिने तारखेबद्दल सरांना काही सांगितलं नव्हतं, आणि सांगणार नव्हती असं तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. विनिताला ते सगळ्यांत जड गेलं.

घरी जाऊन तिने पेन ड्राइव्ह उघडून पाहिला. त्यात एकोणिसाव्या ओळीत तिचंच नाव होतं. पण तेजलने फायली स्वतःच्या संगणकावर उतरवून घेऊन मग पाठवल्या होत्या. मधल्या आठ मिनिटांत तिथे ते नाव तसंच राहिलं की बदललं, हे पेन ड्राइव्हवरून कळणार नव्हतं.

बुधवारी सकाळी दहा पस्तीसला कचेरीचं उत्तर तेजलला आलं. तिने ते सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचून दाखवलं: पाचही फायली उघडल्या, नोंदी त्रेचाळीस, नावांसह. सुबोध सरांनी टाळ्या वाजवल्या. पाठोपाठ कमळमावशीचा फोन आला, तोही तेजललाच. शनिवारी जेवायला ये, म्हणत होती.

पाठवलेला तक्ता तेजलच्या मेलमध्ये होता. पाहायचा तर उठून, तिच्या टेबलापर्यंत चालत जाऊन विचारावं लागणार होतं. दोन टेबलांत आठ पावलांचं अंतर आहे. दुपारी एकपर्यंत विनिता जागची उठली नव्हती.